एकतीस फोटोंची लेन्स

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. बँकेच्या हिशेब विभागात नोकरीची सगळी वर्षे गेल्यामुळे खर्च लिहून ठेवण्याची खोड हाडीमांसी भिनली आहे. पण ही वही घरखर्चाची नव्हे. तिच्यात फक्त कॅमेरा, लेन्स आणि त्यांच्या मागून घरात शिरलेल्या वस्तू लिहिलेल्या आहेत. रकाने चारच : तारीख, वस्तू, दिलेली रक्कम आणि ‘ठेवले’. या शेवटच्या रकान्यात त्या लेन्सने काढलेले किती फोटो मी कागदावर छापून अल्बममध्ये लावले, तो आकडा येतो. संगणकात पडून असलेल्या हजारो फोटोंना या वहीत जागा नाही, कारण ते मी पुन्हा उघडून पाहत नाही हे मला पक्के ठाऊक आहे. दिलेल्या रकमेला ठेवलेल्या फोटोंनी भागले की एका फोटोचा भाव निघतो. नौपाड्यातल्या आमच्या घरी ही वही माझ्याखेरीज कोणी उघडत नाही. सौभाग्यवतींनी ती एकदाच चाळली आणि “अहो, यात भागाकार शून्याने कुठे कुठे करावा लागतो?” एवढेच विचारले होते.

वडिलांनी अशी वही ठेवली असती, तर तिच्यातला शेवटचा रकाना कायम बाराच राहिला असता. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, बडोद्याच्या कारखान्यात तयार होणारा. १२० क्रमांकाच्या रोलवर त्यात चौकोनी बारा फोटो निघत आणि वडील एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवत. त्यांपैकी हललेला, कोणाचे डोके कापलेला, उन्हाने पांढरा पडलेला फोटोसुद्धा अल्बममध्ये लागे, कारण त्याचे पैसे दिलेले असत. त्या कॅमेऱ्याची लेन्स काढता येत नसे, त्यामुळे दुसरी कोणती घ्यावी हा प्रश्नच त्यांना आयुष्यात पडला नाही. तो मला पडला, आणि २०११ साली पहिला डिजिटल एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात पडला.

कॅमेऱ्याबरोबर १८-५५ मिमीची (मिमीचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) जी लेन्स येते तिला ‘किट लेन्स’ म्हणतात आणि ती ताटातल्या मिठासारखी धरली जाते : असते, पण तिच्यासाठी कोणी जेवायला बसत नाही. मला मागची पार्श्वभूमी विरघळून गेलेले चेहरे हवे होते आणि त्यासाठी ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकी ती प्रकाशाला अधिक उघडते) घ्यायची असते, हे ज्ञान मला कार्यालयातल्या एका सहकाऱ्याकडून मिळाले. पुढचे तीन आठवडे मी रात्री जेवण झाल्यावर परीक्षणे वाचत होतो. विटांच्या भिंतीचे फोटो काढून, त्यांचे कोपरे दुप्पट मोठे करून, ही लेन्स पूर्ण उघडल्यावर कडेला किती मऊ, म्हणजे धूसर, पडते हे दाखवणारी ती परीक्षणे मी अशा गांभीर्याने वाचली की जणू उद्यापासून मला विटांच्याच भिंती टिपायच्या होत्या. (आजतागायत माझ्या एकाही फोटोत कोपऱ्यातल्या मऊपणामुळे काही बिघडलेले नाही. कोपऱ्यात माझ्याकडे सहसा कोणाचा तरी कोपरच असतो.)

तेव्हा माझे कार्यालय फोर्टात होते. संध्याकाळी सुटल्यावर बोरा बाजाराच्या बाजूच्या गल्ल्यांतून कॅमेऱ्यांच्या दुकानांपुढे रेंगाळायचे आणि मग सीएसटीवरून ठाणे लोकल पकडायची, हा माझा कार्यक्रम होता. दुकानदार पहिला प्रश्न विचारत, “साहब, बिल के साथ या बगैर?” या दोन भावांमधले अंतर हजार-दीड हजारांचे असे आणि बिनबिलाच्या मालाला कंपनीची इथली वॉरंटी नसे. हिशेबनीस असल्यामुळे मी बिल घेतले. घरी येऊन लेन्स लावली, बटण अर्धे दाबले, आणि काहीच झाले नाही. लेन्स फिरेना, फोकस होईना. तासाभराने सूचनापुस्तिकेतून कळले की या धाटणीच्या लेन्सच्या पोटात मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर तिला एका बारीक स्क्रूने फिरवते, आणि माझ्या कॅमेऱ्यासारख्या स्वस्त बॉडीतून, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यातून, ती मोटर कंपनीने वजन व किंमत कमी करण्यासाठी काढून टाकलेली असते. कोपऱ्यांचा मऊपणा पाठ असलेल्या मला लेन्सच्या नावातल्या एका अक्षराचा अर्थ माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानदार शांतपणे म्हणाला, “आपने लेन्स माँगा, हमने दिया. बॉडी कौनसी है, आपने बताया कहाँ?” त्याचे काहीच चुकले नव्हते.

ती लेन्स मी परत केली नाही आणि याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, परत घेताना दुकानदार हजार रुपये कापणार होता त्याला आहे. मग हाताने फोकस करायला शिकलो. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहताना कोपऱ्यात एक हिरवा ठिपका पेटतो, तो पेटेपर्यंत लेन्सवरचे कडे फिरवायचे. एफ १.८ वर दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीइतकाच भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर कान विरघळतात. त्यामुळे ज्याचा फोटो काढायचा त्याला थोडा वेळ स्वस्थ बसावे लागते आणि आपल्यालाही. आमच्या घरात असे स्वस्थ बसणारे माणूस एकच होते. आई दुपारी मटार सोलत बसे, शेंगा सुपात, दाणे पातेल्यात, आणि मी समोर फरशीवर बसून कडे फिरवत असे. “झालं का रे तुझं?” असे ती मान वर न करता विचारी. त्या लेन्सला मी सात हजार दिले आणि अल्बममध्ये तिचे २१२ फोटो आहेत. तेहतीस रुपयांना एक पडला. आई २०१५ साली गेली. त्यानंतर त्या रकान्यात फार भर पडलेली नाही.

मधल्या वर्षांत वहीची तीन पाने किरकोळ वस्तूंनी भरली. फोनवर चिमट्याने लावायच्या लेन्सचा संच, डोक्याला बांधायचा छोटा कॅमेरा, चालताना फोन स्थिर ठेवणारा दांडा, आणि तीन पायांचा असूनही दोन पायांवर उभा असल्यासारखा डुलणारा एक ट्रायपॉड. चौथ्या रकान्यात सगळीकडे शून्य. सौभाग्यवतींचा प्रश्न याच पानांवरचा.

यांतली सर्वांत स्वस्त वस्तू मात्र सर्वांत महाग पडली. २०१४ साली भाच्याची मुंज होती. आदल्या आठवड्यात रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून मी ६४ जीबीचे मेमरी कार्ड निम्म्याहून कमी भावात घेतले. पाकीट, शिक्का, अक्षरे सगळे अस्सल दिसत होते आणि कॅमेऱ्यानेही कार्ड ६४ जीबीचेच असल्याचे सांगितले. अशा बनावट कार्डांत खरी जागा आठच जीबीची असते, पण त्यातल्या छोट्या चिपला खोटे बोलायला शिकवलेले असते. जागा संपली तरी कार्ड फोटो घेत राहते आणि यादीत नावे वाढत राहतात. मुंजीच्या रात्री संगणकावर पाहिले, तर मातृभोजनापर्यंतचे फोटो जागेवर होते. अंतरपाट, मंगलाष्टके, भिक्षावळ यांच्या जागी नुसती फायलींची नावे आणि उघडल्यावर राखाडी पट्टे. ताईला फोन केला. ती थोडा वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, “अरे, भिक्षावळीचा एक तरी?” एकही नव्हता. शेवटी मुंजीचा अल्बम तयार झाला तो भावोजींच्या पुतणीने साध्या फोनवर काढलेल्या फोटोंचा आणि त्यातल्या दोन फोटोंत, मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून अत्यंत जबाबदार चेहऱ्याने उभा असलेला मी दिसतो. त्या दिवसापासून नवीन कार्ड आले की ते एकदा पूर्ण भरायचे आणि पुन्हा वाचून ताडायचे, मगच वापरायचे, हा माझा नेम आहे. बँकेत रोकड मोजून घेणारा माणूस हे आधीपासून करत नव्हता, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आता त्या मोठ्या लेन्सविषयी. २०१८ च्या ऑक्टोबरात मी निवृत्त झालो आणि निवृत्तीनंतर मी पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस होणार, असे मी दोन वर्षे आधीच ठरवून ठेवले होते. हा माणूस माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट होता : पहाटे साडेचारला उठणारा, खाकी जाकीट घालणारा, कमी बोलणारा. त्या माणसाला १५०-६०० मिमीची लेन्स लागणार, हे उघड होते. ती त्याच्यासाठी मी घेतली. दिवाळीत त्याच्यासाठी नवीन बॉडीसुद्धा घेतली, या वेळी आत मोटर असलेली. पुढे दीड महिन्यात, २२ डिसेंबरला, जीएसटी परिषदेने डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला आणि १ जानेवारी २०१९ पासून तो लागू झाला, हे वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आहे. २०१८ च्याच ऑगस्टमध्ये निकॉनने आणि सप्टेंबरमध्ये कॅनॉनने आरसा नसलेले नवे कॅमेरे जाहीर केले होते. आरसा गेला की लेन्स चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या खूप जवळ आणता येते. कॅनॉनच्या जुन्या रचनेत ते अंतर ४४ मिमी होते, नव्या रचनेत २० मिमी. म्हणजे लेन्स अडकवायचा खाचाच बदलला, आणि मी जुन्या खाच्याची बॉडी मोठ्या उत्साहाने घरी आणली. मुहूर्त साधण्याची माझी हातोटी अशी आहे.

लेन्सची किंमत ७८,००० रुपये, वजन जवळजवळ दोन किलो, आणि पुढच्या काचेचा व्यास इतका की तिला ९५ मिमीचा फिल्टर लागतो. ५० मिमीच्या लेन्सचा ५२ मिमीचा फिल्टर दुकानदाराने मला हसत हसत तीनशेत दिला होता. ९५ मिमीच्या फिल्टरच्या किमतीत तसे दोन डझन घेता आले असते. शिवाय वजन पेलणारा ट्रायपॉड, मोठी पिशवी, वाढलेल्या फायलींसाठी हार्ड डिस्क. बिलावर लेन्सची किंमत असते, सोबत येणाऱ्या बिऱ्हाडाची नसते.

पहिली मोहीम ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीची. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि थंडीपासून मे अखेरपर्यंत इथे लहान आणि मोठे असे दोन्ही जातींचे रोहित हजारोंनी उतरतात. बोटींच्या वेळा भरती-ओहोटीच्या कोष्टकावर ठरतात, कारण पूर्ण ओहोटीत पक्षी दूरवर चिखलात पांगतात आणि बोटीला पाणी पुरत नाही. मी चौथ्या रांगेत बसलो होतो. रोहित दिसले आणि मी लेन्स पूर्ण लांबवली. माझ्या छोट्या सेन्सरवर ६०० मिमी म्हणजे ९०० मिमीसारखे दिसते, त्यामुळे बोटीचा प्रत्येक हेलकावा दृश्यात खडीवरून जाणाऱ्या रिक्षासारखा येत होता. तेही एक वेळ जमले असते, पण सकाळचे दहा वाजले होते आणि तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागली होती. ही थरथर कोणतीही लेन्स कापत नाही. उलट जितकी लांब लेन्स तितकी ती अधिक ठळक दिसते. सातशे फोटोंमधले रोहित पाण्यात कुंकू सांडल्यासारखे आले. शेजारच्या बाई फोनवर बोटीचा, खाडीचा आणि पलीकडच्या खारफुटीचा फोटो काढून समाधानाने डबा उघडत्या झाल्या होत्या.

दुसरी मोहीम येऊरला, २०१९ च्या जूनमध्ये, नवरंगासाठी. पहिल्या पावसाबरोबर हा पक्षी येतो, दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो आणि पाचोळा उलटत जमिनीवर चालतो. पाटोणपाड्याच्या पुढे मी तासभर उकिडवा बसलो आणि नवरंग खरोखरच आला, बारा-पंधरा पावलांवर, रंग सगळे जागच्या जागी. पावसाळ्यात त्या झाडीखाली सकाळी आठलाही दिवेलागणीसारखा उजेड असतो. माझी लेन्स ६०० मिमीवर एफ ६.३ पेक्षा अधिक उघडत नाही, आणि एफ १.८ च्या मानाने तिथे प्रकाश बाराव्या हिश्शाने येतो. हात हलण्याचा हिशेब धरला, तर फोटो सेकंदाच्या नऊशेव्या भागात टिपला जायला हवा होता. कॅमेरा शंभराव्यावर अडला होता. चार मिनिटे तो पक्षी समोर होता. घरी आल्यावर पाचोळा सुरेख स्पष्ट होता, नवरंग नव्हता. खाकी जाकीट वाळत घातले आणि त्यानंतर ते येऊरला गेले नाही, कारण साडेचारला मला जाग येत नाही. आधीही येत नव्हती. लेन्स मी ज्याच्यासाठी घेतली होती तो माणूस आमच्या घरी राहायला आलाच नाही, आणि जो राहत होता त्याला सकाळी सातला चहाबरोबर पेपर लागतो.

मग २०२० चा मार्च आला आणि सगळेच घरात बसले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, कुंपणाच्या आत, एक शेवगा होता आणि त्याची एक आडवी फांदी वाळली होती. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात रस्ता इतका शांत झाला की त्या फांदीवरचे टुक टुक ओट्यापाशी ऐकू आले. तांबट होता. चिमणीपेक्षा थोडासा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि गळ्यावर लाल डाग, डोळ्याभोवती पिवळे. तांब्याच्या भांड्यावर ठोके घालणाऱ्या कारागिराचे नाव त्याला ज्याने दिले, त्याचे कान तिखट असले पाहिजेत. फांदीच्या खालच्या अंगाला तो चोचीने भोक पाडत होता, आणि खिडकीपासून ती फांदी पंधरा मीटरवर होती. मी ट्रायपॉड ओट्याशेजारी उभा केला. “अहो, फोडणीचा तेलकट धूर जाईल ना तिच्यात,” असे म्हणून सौभाग्यवतींनी लेन्सवर जुना पंचा टाकला आणि तो पंचा महिनाभर तिथेच राहिला. सकाळी सातला चहा घेऊन मी खिडकीशी बसे. भोक पूर्ण झाले, नर-मादी आळीपाळीने आत बसू लागली, मग चोचीत फळे घेऊन येऊ लागली, आणि एका सकाळी भोकातून लाल डाग नसलेले, मळकट, चकित तोंड बाहेर आले. या लेन्सचे अल्बममध्ये एकतीस फोटो आहेत आणि त्यांतले सव्वीस या फांदीचे आहेत. पिल्ले उडाली आणि मे अखेरीस पावसाआधीच्या छाटणीत सोसायटीने ती फांदी उतरवली.

लेन्स मी पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवली आणि गणपती होईपर्यंत काढली नाही. ठाण्यात राहणाऱ्याने असे करू नये. इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि साठच्या वर काचेवर बुरशीला पुरते. काळोख, बंद पिशवी आणि पिशवीचे ओलसर कापड यांहून अधिक तिला काही लागत नाही. मागून टॉर्च तिरका धरला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्याचा एक कोवळा तुकडा दिसला. लेन्स दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी ती माझ्यासमोर उघडली. बुरशी पुसता येते, पण ती जे आम्ल सोडते ते काचेवरचा लेप खाते आणि खाल्लेला लेप परत येत नाही, हे सांगताना ते पुसत होते. सुदैवाने लेप वाचला होता. साडेतीन हजार घेतले आणि वर विचारले, “तांदूळ कशात ठेवता?” मी म्हटले, “घट्ट झाकणाच्या डब्यात.” “मग ही का नाही?” तेव्हापासून माझ्या सगळ्या लेन्स रबरी कडेच्या हवाबंद डब्यात असतात. आत आर्द्रता दाखवणारे चिमुकले घड्याळ आणि सिलिका जेलची पुरचुंडी असते. काटा चाळीस ते पन्नास यांच्या मध्ये ठेवायचा. जेलचे निळे मणी गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन तृप्त झाले असे समजायचे आणि मंद तापवून पुन्हा निळे करायचे. त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवली आहे, कारण तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि त्या कढईत पुन्हा काही शिजवू नये.

२०२२ मध्ये मी ती लेन्स विकली. मणक्याने दोन किलोंना नकार दिला हे कारण मी सगळ्यांना सांगितले, आणि ते खोटे नाही. घणसोलीचा एक मुलगा घ्यायला आला. आम्ही ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली भेटलो, बसगाड्या डोक्यावरून जात होत्या. चहाच्या टपरीच्या फळीवर त्याने खिशातला रुमाल अंथरला, लेन्स त्यावर ठेवली, फोनचा टॉर्च मागून तिरका धरला, आणि मला तो मुलगा आवडला. बुरशी एकदा काढली आहे हे मी सांगितले, दुरुस्तीची पावतीही दाखवली.

“काका, वापर किती झालाय?” त्याने विचारले.

“एकतीस,” मी म्हणालो.

“एकतीस हजार?”

“नाही. एकतीस फोटो.”

त्याने माझ्याकडे, मग लेन्सकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि टॉर्च आणखी एकदा मारला. बेचाळीस हजारांना सौदा झाला. विक्रीची रक्कम वजा आणि दुरुस्ती मिळवून एका फोटोचा भाव २,५१६ वरून १,२७४ रुपयांवर आला, हे मी लोकलच्या गर्दीतून वाट काढत घरी येईपर्यंत तोंडी केले होते.

घरी आल्यावर कळले की लेन्सची पुढची कॅप खिडकीच्या कट्ट्यावरच राहिली होती. त्याला लगेच कळवले, तर त्याने दुसरी मागवलीसुद्धा होती. मागच्या जूनमध्ये त्याने मला येऊरचा नवरंग पाठवला. पाचोळा धूसर आणि पक्षी असा स्पष्ट, की चोचीवर चिकटलेला मातीचा कण मोजता यावा. सध्या मी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची परीक्षणे वाचतो आहे, रात्री, जेवण झाल्यावर. जुनी ५० मिमी नव्या बॉडीवर अडॅप्टर लावून बसते, फोकस अर्थात हातानेच. घेतलेला एकही नाही. ती ९५ मिमीची कॅप स्वयंपाकघरात ओट्यावर असते. चहा गाळून झाला की गाळणी तिच्यावर ठेवतात, बरोबर मावते.